सभासद यादीतील काही नावे शाबूत, काही मोडलेली: एन्कोडिंगची प्रमाण नावे आणि प्रत्येक यंत्रणेतील टोपणनावे

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात, त्यामुळे पुण्यात शनिवार पेठेतील आमच्या कार्यालयात ऑगस्ट उजाडला की पतसंस्थांच्या सभासद याद्यांची रीघ लागते. या याद्या एकत्र करून सभेच्या नोटिसा आणि लाभांशाची पत्रके छपाईसाठी तयार करणे हे आमचे काम आहे. संस्थांकडील संगणक मात्र एका जातीचे नाहीत. कोणाकडे आयबीएमचा जुना एआयएक्स सर्व्हर आहे, कोणाकडे लिनक्स आहे, आणि बहुतेकांकडे विंडोजवर एक्सेलमध्ये ठेवलेली यादी आहे. प्रत्येक फाइलसोबत तिचे एन्कोडिंग (अक्षरे संगणकात अंकांच्या रूपाने साठवण्याची पद्धत) कोणते ते एका ओळीत लिहून येते, आणि दर वर्षी अडचण त्या एका ओळीतूनच सुरू होते.

गेल्या हंगामात एका संस्थेच्या नोटिसांचा पहिला गठ्ठा तपासताना असे दिसले की पाटील, शिंदे, जाधव, गायकवाड यांची नावे अगदी स्वच्छ छापली गेली होती. कुलकर्णी, देशमुख आणि झेंडे यांच्या नावांत मात्र मधेच काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह आणि त्याला लागूनच एक साधे प्रश्नचिन्ह उमटले होते. कुलकर्णी या नावात पहिल्या क चा उकार गेला होता आणि पुढे र चा हलन्त गेला होता, बाकी अक्षरे जागेवर होती. फॉन्ट खराब आहे असा पहिला तर्क निघाला, तो चुकीचा होता. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर ते सगळीकडे दिसेनासे होते आणि तिथे रिकामा चौकोन येतो, प्रश्नचिन्हांची जोडी येत नाही. खरे कारण एन्कोडिंगच्या एका टोपणनावात होते. त्याकडे मी सविस्तर येणार आहे, पण त्याआधी नावांची व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. पुढे सर्व नावे देवनागरीत लिहिली असली तरी हायफन आणि अधोरेषा मूळ नावात जिथे आहेत तिथेच ठेवल्या आहेत.

एन्कोडिंगच्या नावांची अधिकृत नोंदवही इंटरनेटवरील नावे आणि क्रमांक नोंदवणारी आयएएनए ही संस्था ठेवते आणि नोंदणीची पद्धत २००० साली आलेल्या आरएफसी २९७८ या दस्तऐवजात दिलेली आहे. त्या नोंदवहीत एका एन्कोडिंगला एक मुख्य नाव, काही उर्फ नावे आणि एक क्रमांक असतो, आणि नावातील लहान-मोठ्या लिपीचा भेद धरला जात नाही. यूटीएफ-८ चा, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या एन्कोडिंगचा, क्रमांक १०६ आहे. सातबाऱ्यावर जसे एकाच खातेदाराचे पाळण्यातले आणि घरातले अशी दोन्ही नावे उर्फ लावून लिहितात, तसाच हा प्रकार आहे. अडचण अशी की कार्यप्रणाली तयार करणाऱ्यांनी या नोंदवहीची वाट पाहिलेली नाही. एचपी-यूएक्स यूटीएफ-८ ला यूटीएफ८ असे बिनहायफन म्हणते आणि आयएसओ-८८५९-१ ला आयएसओ८८५९१ असे सलग लिहिते. जगाच्या दृष्टीने जे विंडोज-१२५२ आहे त्याला एआयएक्स आयबीएम-१२५२ म्हणते, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सीपी१२५२ म्हणते, पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली डब्ल्यूआयएन१२५२ म्हणते आणि ओरॅकल ही दुसरी डेटाबेस प्रणाली डब्ल्यूई८एमएसडब्ल्यूआयएन१२५२ म्हणते. सोलारिसवर साध्या सी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग, आणि सी हे त्यातले मूळचे) एन्कोडिंगचे नाव विचारले तर उत्तर नुसते ६४६ असे येते, म्हणजे आस्की, ज्यात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि साधी चिन्हे असतात. विंडोजच्या आत तर नावांऐवजी कोडपेजचे (विंडोज एन्कोडिंगला कोडपेज म्हणते) क्रमांकच चालतात: यूटीएफ-८ साठी ६५००१, आयएसओ-८८५९-१ साठी २८५९१ आणि आस्कीसाठी २०१२७.

सर्वांत आधी करायची तपासणी सोपी आहे. ज्या यंत्रावर रूपांतर चालते तिथे लोकेल चारमॅप ही आज्ञा द्यावी आणि उत्तर पाहावे. लिनक्सवर उत्तर यूटीएफ-८ असे आले तर ठीक. एएनएसआय_एक्स३.४-१९६८ असे लांबलचक उत्तर आले तर ते काही परके एन्कोडिंग नाही, १९६८ च्या मानकाच्या नावाने सांगितलेले ते आस्कीच आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच की लोकेल लागू झालेले नाही. हाताने चालवलेली स्क्रिप्ट बरोबर चालते आणि तीच क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या व्यवस्थेतून, रात्री चालली की मराठी अक्षरांवर अडते, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. आपण लॉगिन करतो तेव्हा भाषेची सेटिंग आपल्याबरोबर येते, क्रॉनला ती मिळत नाही. त्यामुळे क्रॉनच्या फाइलमध्येच लोकेल ठरवणाऱ्या एलसी_ऑल ची किंमत स्पष्ट लिहावी. लिनक्सवर उपलब्ध लोकेलची यादी काढली की मराठीचे नाव एमआर_आयएन.यूटीएफ८ असे लहान लिपीत आणि बिनहायफन दिसू शकते, आणि सेटिंगमध्ये यूटीएफ-८ असे हायफनसह लिहिले तरी लिनक्सची मूळ लायब्ररी ग्लिबसी ते जुळवून घेते, म्हणून त्या फरकाने गोंधळून जाऊ नये. मात्र ते लोकेल यंत्रावर बसवलेलेच नसेल तर आपण काहीही लिहिले तरी बहुतेक कार्यक्रम मुकाट्याने सी लोकेलवर, म्हणजे पुन्हा आस्कीवर जातात.

आता टोपणनावे प्रमाण नावांशी जुळवणाऱ्या तक्त्याकडे येतो. ही अडचण इतकी जुनी आहे की जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कार्यक्रमांत त्यासाठी एक स्वतंत्र उपाय आधीपासून आहे. लिबआयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या लायब्ररीसोबत येणाऱ्या लिबचारसेटमध्ये चारसेट.एलियस नावाची दोन रकान्यांची साधी फाइल असे. डाव्या रकान्यात त्या यंत्रणेने सांगितलेले नाव आणि उजव्या रकान्यात प्रमाण नाव. पुढच्या काळात हा तक्ता फाइलऐवजी कोडमध्येच ठेवण्याची पद्धत आली, पण कल्पना तीच राहिली, आणि आमच्या स्क्रिप्टमध्येही मी तीच घेतली आहे. फाइल आत येताना तिच्यावर लिहिलेले नाव तक्त्यातून एकदाच प्रमाण नावात बदलायचे, पुढे सर्व ठिकाणी प्रमाण नावच वापरायचे, आणि एखाद्या विशिष्ट साधनाच्या हाती फाइल देण्याच्या क्षणीच त्या साधनाचे नाव दुसऱ्या तक्त्यातून काढायचे. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आपापल्या अटी लिहिलेल्या होत्या. एकीला आयबीएम-१२५२ कळत असे आणि दुसरीला कळत नसे, आणि कुठली चूक कुठे दुरुस्त केली याचा हिशेब राहत नसे.

नाव तक्त्यात शोधण्यापूर्वी ते थोडे सारखे करून घ्यावे लागते. युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक २२ मध्ये यासाठी नियम दिलेला आहे: अक्षरे आणि अंक सोडून बाकी सर्व चिन्हे काढावीत, लिपी लहान करावी आणि अंकांच्या गटाच्या सुरुवातीची शून्ये टाकावीत. एवढ्याने यूटीएफ-८, यूटीएफ_८ आणि यूटीएफ८ ही सर्व एक होतात. याच्या पुढे जाऊन नावाची फक्त सुरुवात जुळते का हे पाहण्याचा मोह टाळावा. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तसेच होते आणि आयएसओ८८५९१५ हे नाव आयएसओ८८५९१ ने सुरू होते म्हणून आयएसओ-८८५९ या मानकाच्या पंधराव्या भागाची फाइल पहिल्या भागाची समजून वाचली जात होती. नाव पूर्ण जुळले पाहिजे. जुळले नाही तर काम तिथेच थांबले पाहिजे आणि न ओळखलेले नाव जसेच्या तसे त्रुटीच्या संदेशात दिसले पाहिजे. अनोळखी नाव आले की यूटीएफ-८ धरून पुढे जावे, ही सोय मला घातक वाटते, कारण मग चूक आमच्या टेबलावर न दिसता सभासदाच्या दारात टपालाने पोहोचते.

विंडोजवरून येणाऱ्या फाइलींवर एएनएसआय असे लिहिलेले असते तेव्हा विशेष सावध राहावे. नोटपॅडमधील हे नाव कोणत्याही एका एन्कोडिंगचे नाही, त्या संगणकावर जे कोडपेज चालू असेल ते, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीसाठी विंडोजमध्ये असे कोडपेज अस्तित्वातच नाही, मराठीला तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडचा आधार आहे. म्हणून देवनागरी मजकूर एएनएसआय म्हणून किंवा एक्सेलच्या साध्या सीएसव्ही प्रकारात साठवला की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह येते आणि मूळ मजकूर कायमचा जातो. पुणे या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे आहेत, त्यामुळे फाइलमध्ये नेमकी चार प्रश्नचिन्हे दिसली तर दुरुस्तीत वेळ न घालवता संस्थेकडून एक्सेलच्या सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात फाइल पुन्हा मागवावी. त्या प्रकारात फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची खूण असते. ती न काढल्यास पहिल्या रकान्याचे शीर्षक जुळत नाही, आणि सभासद क्रमांक डोळ्यांना दिसत असूनही रकाना सापडत नाही असा संदेश येतो. पायथनमध्ये यासाठी यूटीएफ-८-सिग असे वेगळे नाव आहे. जुन्या नोटपॅडमधील युनिकोड हे नावही तक्त्यात हवे, आणि ते यूटीएफ-८ कडे न जाता यूटीएफ-१६एलई या युनिकोडच्या दुसऱ्या एन्कोडिंगकडे गेले पाहिजे.

चार प्रश्नचिन्हांऐवजी पुणे या शब्दाच्या जागी बारा विचित्र चिन्हे दिसत असतील, आणि त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत असेल, तर आशा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. बाइट सोळाच्या पायाने (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) लिहिले तर त्यांतील पहिला बाइट नेहमी ई० असतो आणि दुसरा ए४ किंवा ए५ असतो, म्हणून पुणे हा शब्द ई० ए४ एए, ई० ए५ ८१, ई० ए४ ए३, ई० ए५ ८७ असा बारा बाइटांत बसतो. हे बाइट कोणी एक बाइट म्हणजे एक अक्षर या हिशेबाने वाचले की ती बारा चिन्हे दिसतात. उलट रूपांतर केले की मजकूर परत मिळतो, परंतु उलट रूपांतर कोणत्या नावाने करायचे यावरच सगळे अवलंबून आहे. कुलकर्णी आणि पाटील यांचा प्रश्न इथे सुटतो.

त्या संस्थेची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होती आणि तिथल्या टेबलाचे एन्कोडिंग लॅटिन१ असे नोंदलेले होते, पण आत प्रत्यक्षात यूटीएफ-८ चे बाइट भरलेले होते. निर्यात करताना त्या प्रत्येक बाइटचे एकेक अक्षर झाले. आता लॅटिन१ हे आयएएनएच्या नोंदवहीत आयएसओ-८८५९-१ चे उर्फ आहे. मात्र मायएसक्यूएलचे लॅटिन१ म्हणजे प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे, हे त्यांच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. हे मला ठाऊक होते, म्हणून तक्त्यात मी लॅटिन१ समोर विंडोज-१२५२ लिहिले आणि रूपांतर जावाच्या साधनाकडे दिले. चूक माझी त्यापुढची होती. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना कोणतेही अक्षर दिलेले नाही. मायएसक्यूएल या पाचांना त्याच क्रमांकाच्या न दिसणाऱ्या नियंत्रण चिन्हांवर नेते. ब्राउझर ज्या मानकाने चालतात तेही तसेच करते आणि विंडोज स्वतःही तसेच करते. जावा मात्र त्यांना अक्षरच मानत नाही आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते, तर पायथन आणि ग्लिबसीचे आयकॉन्व्ह त्रुटी देऊन थांबतात.

या पाच बाइटांनी संपणारी देवनागरी चिन्हे पाहिली की छापील गठ्ठ्यातली प्रत्येक चूक उलगडते. ऱ्हस्व उकाराची मात्रा ई० ए५ ८१ आहे, हलन्त ई० ए५ ८डी आहे, झ हा ई० ए४ ९डी आहे, ए हा ई० ए४ ८एफ आहे आणि ऐ हा ई० ए४ ९० आहे. म्हणजे प्रत्येक पहिला उकार, प्रत्येक जोडाक्षर, झ, आणि ए किंवा ऐ ने सुरू होणारे प्रत्येक नाव मोडणार. पाटील या नावातील पाचही चिन्हांचे शेवटचे बाइट एए, बीई, ९एफ, ८० आणि बी२ असे आहेत. त्या सर्वांना विंडोज-१२५२ मध्ये जागा आहे, म्हणून पाटील बचावले. तिसऱ्या बाइटच्या जागी साधे प्रश्नचिन्ह बसल्यावर ई० ए५ हे दोन बाइट अर्धवट राहतात. यूटीएफ-८ वाचणारा कार्यक्रम त्यांना काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह देतो आणि मागे ते साधे प्रश्नचिन्ह उरते. नोटिशीवर दिसलेली जोडी हीच होती.

हे उलगडल्यावर कोणी म्हणेल की मग नोंदवहीप्रमाणे खरे आयएसओ-८८५९-१ वापरावे, कारण त्यात प्रत्येक बाइटला जागा आहे. तसे केले तर ८० पासून ९एफ पर्यंतचे बाकीचे बाइट मोडतात, कारण निर्यात करताना त्यांची युरोचे चिन्ह, अवतरणचिन्हे अशी अक्षरे झालेली असतात आणि ती आयएसओ-८८५९-१ मध्ये नाहीत. क, ग, ज, ट, दीर्घ ईकार, एकार, अनुस्वार ही सगळी त्याच पट्ट्यात येतात, म्हणून यादीतील जवळपास प्रत्येक नाव लगेच बिघडते आणि चूक पहिल्या पानावरच पकडली जाते. विंडोज-१२५२ ने मात्र निम्म्याहून अधिक यादी सुरळीत दिसते आणि चूक छपाईपर्यंत टिकते.

उपाय असा केला. तक्त्यात मायएसक्यूएलच्या लॅटिन१ साठी मी स्वतंत्र प्रमाण नाव ठेवले. त्याच्या रूपांतरात विंडोज-१२५२ वापरले जाते आणि ते पाच बाइट त्याच क्रमांकाने सरळ पुढे जातात. जिथे मूळ डेटाबेस हाती असेल तिथे याहून चांगला मार्ग आहे: त्याची प्रत घ्यावी, त्या प्रतीत रकाना आधी बायनरी प्रकारात न्यावा आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये आणावा, म्हणजे बाइटांना कोणी हातच लावत नाही. मधे बायनरीचा थांबा न घेता लॅटिन१ वरून थेट बदल केल्यास चूक कायमची मुरते. शेवटी यूटीएफ८ न म्हणता यूटीएफ८एमबी४ म्हणण्याचेही कारण आहे. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ हे नाव तीन बाइटांपर्यंतच मर्यादित असलेल्या प्रकाराला दिलेले होते, आणि ओरॅकलमध्येही यूटीएफ८ हे नाव खऱ्या यूटीएफ-८ चे नाही, खरे ते एएल३२यूटीएफ८. मराठीची रोजची सर्व चिन्हे तीन बाइटांत बसत असल्यामुळे हा फरक आपल्या याद्यांत वर्षानुवर्षे दिसत नाही, आणि कोणी पत्त्याच्या रकान्यात चार बाइटांचा इमोजी टाकला की त्या दिवशी दिसतो.

एक प्रकार तक्त्याच्या बाहेरच ठेवावा लागतो. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या अजूनही येतात, आणि त्यांच्यावर प्रामाणिकपणे सीपी१२५२ असे लिहिलेलेही असते. नाव खोटे नसते, पण उपयोगाचेही नसते, कारण त्या फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार काढतो. कोणत्याही एन्कोडिंगचे नाव लावून ती युनिकोड होत नाहीत, त्या विशिष्ट फॉन्टचा रूपांतरकच लागतो. इस्कीची गोष्ट निराळी आहे. ते १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातले खरे एन्कोडिंग आहे, त्यात पुणे हा शब्द सी८ डीडी सी१ ई१ अशा चार बाइटांत मावतो, विंडोजमध्ये देवनागरी इस्कीचे कोडपेज ५७००२ आहे आणि त्याचे नाव एक्स-इस्की-डीई आहे. ही नोंद तक्त्यात अवश्य असावी.

आता प्रत्येक नव्या संस्थेकडून यादी मागवण्यापूर्वी आम्ही त्यांच्या यंत्रावर पाच नावांची चाचणी यादी भरायला सांगतो आणि तीच नेहमीच्या मार्गाने परत मागवतो. पाटील हे नाव मोडले तर टोपणनाव आयएसओ-८८५९-१ कडे गेले आहे. कुलकर्णी मोडले तर ते पाच बाइट कुठेतरी गळत आहेत. झेंडे आणि एकनाथ हीच शंका दुसऱ्या दोन बाइटांवर तपासतात. साठे हे नाव मी नंतर वाढवले, कारण ठ चा शेवटचा बाइट ए० आहे, तो न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो, आणि यादी स्वच्छ करणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टने त्याला साधी मोकळी जागा केले की बाकी चारही नावे नीट येतात आणि साठे तेवढे बिघडलेले परत येतात.